नझूलचा पट्टा आणि सात घरची पाटोडी

आमच्या बिल्डिंगचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात सगळी नोकरी काढून मी घरी बसले आणि पंधरा दिवसांतच शेजाऱ्यांनी मला जिन्यात गाठलं. "ताई, तुमाले कागद समजतात, तुमीच व्हा," म्हणाले. कागद समजतात हे खरं आहे. पण मी भांडते बरी, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं असणार.

यवतमाळात जुन्या वस्तीत राहणाऱ्याला नझूल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझ्या पुण्याच्या नणंदेला मात्र दर दिवाळीत सांगावं लागतं. जमीन सरकारची, आपल्याला पट्ट्यानं मिळालेली, मुदत तीस वर्षांची. वर बांधलेला फ्लॅट आपला, खालची जागा सरकारची. मुदत संपली की वाढवून घ्यायची. नणंद म्हणते, "म्हणजे भाड्याचंच की गं!" मी म्हणते, भाड्याचं नाही. मग आमचं वाजतं आणि माझा नवरा चकलीची बशी पुढे करतो.

तर आमच्या बिल्डिंगच्या पट्ट्याची मुदत संपली. चार मजले, आठ घरं, सगळ्यांचा मिळून एकच पट्टा. मुदत वाढेपर्यंत कुणाला फ्लॅट विकता येईना, कुणाला बँक कर्ज देईना. सगळ्यात घाई तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना होती. काका कोषागारातून निवृत्त झालेले, दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, मुलगा पुण्याला. मुलानं फ्लॅटसाठी गिऱ्हाईक ठरवून ठेवलं होतं आणि वडिलांसाठी आपल्या घरातली एक खोली. काका रोज सकाळी माझ्या दारात उभे राहून विचारायचे, "काय झालं आपल्या नझूलचं?" जणू मी ते रात्रीतून उरकून ठेवणार होते.

अर्ज, नकाशे, आखीव पत्रिका, जुन्या पावत्या, हे सगळं मी एकटीनं जमवलं आणि चोख जमवलं. नझूलच्या खिडकीतल्या बाबूनं फाइल चाळली, पुन्हा चाळली, आणि चूक न सापडल्यामुळे जरा नाराजच झाला. मग म्हणाला, "आता मोका होईल." मोका म्हणजे जागेची पाहणी. साहेब येऊन मोजणार, आणि पट्ट्याच्या अटी पाळल्यात का ते बघणार. आमच्या पट्ट्यातली मुख्य अट होती, जागा फक्त राहण्यासाठी वापरायची. धंदा आढळला तर शर्तभंग. शर्तभंग लिहिला गेला की सगळी फाइल अडकते, एका घरापायी आठही घरांची.

आणि तळमजल्यावर याडीची मेस होती.

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. ती दिग्रसकडच्या एका तांड्यावरची. नवरा एस.टी.त होता, त्यानं आयुष्यभराच्या कमाईतून हा फ्लॅट घेतला आणि घेतल्यावर चार-पाच वर्षांत गेला. मूलबाळ नाही. तांड्यावरून शिकायला आलेल्या दोन भाच्यांना ती जेवू घालायची, भाच्यांनी मित्र आणले, मित्रांनी त्यांचे मित्र. घाटंजी, आर्णी, पुसद, कुठून कुठून आलेली पोरं-पोरी, कुणी आयटीआयची, कुणी भरतीची तयारी करणारी. ती तिला याडी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. माझ्याहून फार मोठी नाही, पण आईला कुणी अहो-जाहो करत नाही, म्हणून मीही अगंतुगंच करते.

मेसला फळा होता, पोरांच्या चपलांची रांग होती, दुपारभर फोडणीचा वास होता. तो वास वर तिसऱ्या मजल्यापर्यंत नक्की जायचा, आणि खोटं कशाला बोला, आम्हा सगळ्यांचं त्या वासावर चाललेलं असायचं. कुणाची बायको माहेरी गेली, कुणाला ताप आला, कुणाकडे अवचित पाहुणा आला, की डबा घेऊन खाली. काका तर काकू गेल्यापासून दोन्ही वेळ तिथलंच जेवत होते.

मोक्याची तारीख कळली तशी बैठक झाली, काकांच्या घरी. काकांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. त्या दिवशी मेस बंद. पोरांनी बाहेर जेवायचं. फळा उतरवायचा, मोठी पातेली, परात, शेगडी सगळ्यांच्या घरी वाटून ठेवायची. तळमजल्यावर एकटी बाई राहते, बस्स. मी म्हटलं, "काका, हे येड्यासारखं होऊन राह्यलं. सरळ सांगून टाकू." पण मतं घेतली तेव्हा माझा एकच हात वर होता. याडी दाराजवळ बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. ती आपणहून म्हणाली, "ठेवतो बंद. माह्यामुळे तुमचं काहून अडलं पाह्यजे?"

त्या दिवशी सकाळी बिल्डिंग अशी शांत होती की मलाच करमेना. काकांच्या दिवाणाखाली मोठं पातेलं, आमच्या बाथरूममध्ये परात, समोरच्यांच्या गॅलरीत शेगडीवर चादर घातलेली. दहाच्या सुमाराला भूमापक साहेब आले. तरुण होता, हडकुळा, पश्चिम महाराष्ट्रातून नुकताच बदलून आलेला, सोबत टेप धरायला एक माणूस. बाहेरून मोजता मोजता बारा वाजले. मग म्हणाला, आता आतून प्रत्येक घर बघावं लागेल, वरून सुरू करू.

आता हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही, पण इतरांसाठी सांगते. वऱ्हाडात दुपारी बारा वाजता दारात आलेला माणूस, मग तो वसुलीला आलेला का असेना, तसाच परत पाठवत नाहीत. तो नाही म्हणतो, आपण ताट वाढतो. तो पुन्हा नाही म्हणतो, आपण रागावतो. त्यात हा तर आमच्या घराचा निकाल लिहायला आलेला साहेब.

काकांच्या घरी तो दोन मिनिटांसाठी आत गेला आणि टेबलावर ताट तयार. पाटोडीचा रस्सा, पोळी, कांदा. "घ्या जी, गरिबाघरचं," काका म्हणाले. साहेब संकोचून बसला. बेसनाच्या वड्या, वर तर्री अशी लालभडक, पहिल्याच घासाला त्याच्या कपाळावर घाम आला. पण आवडलं होतं, ते दिसत होतं. मी दारात उभी राहून पाहत होते आणि विचार करत होते की काकांना तर चहासुद्धा धड येत नाही, मग ही पाटोडी कुठून आली?

काकांच्या शेजारच्या घरात ताट. पाटोडीचा रस्सा. "एवढीशी चव घ्या साहेब." दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे दोन्ही घरांत ताटं, दोन्हीकडे पाटोडी. साहेबाचं नाक वाहायला लागलं होतं. प्रत्येक घरात तो हात जोडायचा, आणि प्रत्येक घरातली बाई म्हणायची की त्यांच्याकडे जेवले नं, मग आमच्याकडे काहून नाही? काका मागे मागे फिरत होते, आणि प्रत्येक नवीन वाटी दिसली की त्यांचा चेहरा आणखी उतरत होता. माझ्या डोक्यात एव्हाना लख्ख उजेड पडला होता. सगळ्यांनी, एकमेकांच्या नकळत, साहेबासाठी म्हणून याडीकडेच सांगून ठेवलं होतं. पाहुणा येणार म्हटलं की आमच्या बिल्डिंगीतल्या माणसाचे पाय सवयीनंच खाली वळतात. प्रत्येकानं तिला बजावलं होतं की कोणाला सांगू नको, आणि तिनं खरंच कुणालाही सांगितलं नव्हतं.

पहिल्या मजल्यावर समोरच्यांकडेही तेच, मग आमचं घर. आत गेलो तर माझ्या टेबलावर पाटोडी. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

साहेबानं रुमालानं नाक पुसलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, एक विचारू? या इमारतीत आज सगळ्यांकडे एकच भाजी कशी?"

"आमच्यात एकोपा भलता आहे," काका मागून म्हणाले.

मला इतकं हसू आलं की मी तोंडावर पदर धरला. मग हसू ओसरलं आणि राग आला. सात घरांना ती हवी होती, आणि सातही घरांनी तिला लपवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "चला साहेब, खाली चला. ही भाजी जिथं शिजली ते दाखवते." काकांनी माझी बाही धरली. मी सोडवून घेतली.

तळमजल्यावर शेजारच्यांच्या दारातूनही पाटोडीचाच वास येत होता. याडी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या उभ्या जेवत होती. आम्हाला पाहून ताट मागे सारलं. साहेबानं विचारलं, "मेस चालवता का बाई?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चालवते. इथंच राहते आणि इथंच चालवते. आज आम्ही सगळ्यांनी मिळून तिला बंद ठेवायला लावली." साहेबानं वही उघडली. "जेवण फार छान होतं," तो म्हणाला, "पण मला लिहावं लागेल." मी म्हटलं, लिहा. त्यानं लिहिलं. त्याच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही.

काकांचा माझ्यावर होता. साहेबाची गाडी वळली नाही तोच जिन्यात त्यांनी मला झापलं. "गिऱ्हाईक थांबून आहे माझं! तुमाले काय, तुमाले कोठी जायाचं नाही!" मी म्हटलं, "काका, सगळ्यात आधी पाटोडी कोणाच्या घरी निघाली?" ते तडातडा वर निघून गेले. चार दिवस आम्ही बोललो नाही. त्यांचा डबा मात्र खालून दोन्ही वेळ वर जात होता. याडीनं त्यात खंड पडू दिला नाही.

पुढे सुनावणीचं पत्र आलं. आम्ही तिघं गेलो, मी, काका आणि याडी. ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. रिक्षात मी तिचा हात धरला. तिच्या हातून काय जाऊ शकतं हे मला ठाऊक होतं. तिला शेत नाही, पेन्शन असून नसल्यासारखी, आणि तांड्यावर तिच्यासाठी चूल मांडून बसलेलं कुणी नाही. मेस गेली तर तिचा फ्लॅट राहील, पण त्यात राहून ती खाणार काय आणि दिवस कसा काढणार?

अधिकारी बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. फाइल वाचून आल्या होत्या, हे मला आवडलं. त्यांनी याडीला विचारलं, "मोक्याच्या दिवशी तुमच्याकडे मेस सुरू होती, असा अहवाल आहे. खरं का?"

"नाही जी म्याडम," याडी म्हणाली. "त्या दिवशी बंद होती. पोरं बाहेर जेवली. त्या दिवशी निरे बिल्डिंगीतलेच लोक जेवले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काका छताचा पंखा न्याहाळत होते. बाईंनी ओठ दाबले, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा फाइलीत डोकं घातलं. मग त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. याडीनं मेस कायमची बंद करते असं हमीपत्र द्यायचं, त्यावर अध्यक्षांनी सही करायची. ते मिळालं तर मुदतवाढीचा आदेश आठवड्याभरात. हमीपत्र नसेल तर शर्तभंग नियमित करण्याचा प्रस्ताव वर जाईल. किती महिने लागतील सांगता येत नाही. मंजूर होईलच असंही नाही.

"आना जी, सही करतो," याडी म्हणाली. तिनं हात पुढे केला, अगदी सहज, जसा डबा घ्यायला करते. "मी एकटी. ह्यायचे सात घरं कायले अडकवू?"

माझ्या हातात पेन होतं. मी त्याचं टोपण लावलं आणि ते पर्समध्ये टाकलं. "म्याडम, माझी सही होणार नाही," मी म्हटलं. "ती त्याच घरात झोपते, तिथंच आंघोळ करते, तिथंच आजारी पडते. राहण्यासाठी वापर म्हणजे याहून वेगळा काय असतो? चार पोरं जेवून जातात तर जाऊ द्या. प्रस्ताव वर पाठवा." बोलताना माझा आवाज चढला होता. शिपायानं दारातून डोकावून पाहिलं.

मग मी काकांकडे वळले, कारण आता ते ओरडणार याची मला खात्री होती, आणि त्यांचं ओरडणं अगदीच चूक ठरलं नसतं. नुकसान त्यांचं होतं. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"पाठवा म्याडम," ते म्हणाले. "सगळ्यायच्या नावानं पाठवा. माझं नाव वर टाका. त्या दिवशी पहिलं ताट माझ्या घरी वाढलं होतं."

बाहेर पडल्यावर मी त्यांना विचारलं, असं कसं काय झालं? ते म्हणाले, "तिनं माझं नाव घेतलं नाही नं. घेता आलं असतं." एवढंच म्हणाले आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले. मला त्या वेळी त्या म्हाताऱ्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बिस्किटं खायला घातली.

महिने गेले. मी नझूलच्या खिडकीशी इतक्या वेळा गेले की तिथला बाबू मला पाहून स्वतःच खुर्ची सरकवायला लागला. काकांचं गिऱ्हाईक थांबून थांबून निघून गेलं. मुलगा फोनवर रागावला, काकांनी फोन कानापासून लांब धरून ऐकून घेतलं. मेस चालू होती. फळा पुन्हा लागला होता, आता मात्र आतल्या भिंतीला. मला मनातून कधीच वाटलं नाही की आम्ही हरू. फाइल माझ्या हातची होती, आणि माझ्या हातची फाइल परत आलेली मला आठवत नाही. नवऱ्याला वाटायचं की मी उसनं अवसान आणते आहे. मी काहीही उसनं आणत नव्हते.

आदेश आला तो ऐन उन्हाळ्यात. मुदत तीस वर्षांनी वाढवली होती, आणि तळमजल्यावरच्या घरात राहून खाणावळ चालवायला दंड भरून परवानगी दिली होती. दंड आठ घरांनी मिळून भरला. किती, ते सांगत नाही, नणंदेला कळलं तर पुन्हा सुरू होईल.

कागद घेऊन मी आधी खाली गेले. दुपार सरली होती, पोरं जेवून गेली होती, याडी भांडी पालथी घालत होती. मी आदेश मोठ्यानं वाचून दाखवला. सरकारी मराठी ऐकून ती गोंधळली.

"म्हंजे मले आता बंद कर म्हणून कोणी म्हणनार नाही?" तिनं विचारलं.

"तीस वर्षं तरी नाही."

"तुमी बी नाही? बिल्डिंगीतले बी नाही?"

"कोणीच नाही."

ती खाली फरशीवर बसली. हातातलं भांडं तसंच धरून होती. मला वाटलं, हसेल. ती रडायला लागली, आवाज न करता, तोंडावर पदर न घेता, माझ्यासमोर.

"माझा माणूस गेला तवापासून," ती म्हणाली, "मी या घरात पाहुण्यावानी राह्यली ताई. कोणाले जड व्हाव नाही म्हणून. सगळ्यायले खाऊ घातलं, म्हटलं राहू देतील. आपलं घर आहे असं कवा वाटलंच नाही."

इतकी वर्षं मी तिच्या डोक्यावर राहिले होते, तिच्या हातचं जेवले होते, आणि मला वाटायचं की ती तळमजल्याची राणी आहे. मी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि विचारलं, "जेवलीस?" ती म्हणाली, जेवतो मागून. मी म्हटलं, मागून नाही.

मी पाट मांडला. तिचीच भाजी, तिच्याच पोळ्या, डब्यातून काढून ताटात वाढल्या. ती उठायला लागली, मी खांदा दाबून बसवली. ती नको नको म्हणत होती, मी वाढत होते. दुसरी पोळी घेताना तिनं हात आडवा धरला, मी तो बाजूला केला आणि वाढली. मग ती नीट मांडी घालून बसली, आणि बसूनच जेवली.